हार बघायला काढलेलं तिकीट

अहो काकू, ती मेथी राहू द्या जरा, इकडे या कुंपणापाशी. ऐकलंत का? ते नवे पोप आहेत ना, लिओ चौदावे, ते आमच्या ह्यांच्या पार्टीतले निघाले! नाही हो, धर्म कुठला बदलताय, बेसबॉलचं म्हणतेय मी. हे पोप मूळचे शिकागोचे. निवड झाली त्या दिवशी आधी बोंब उठली की ते कब्जचे चाहते. मग त्यांच्या सख्ख्या भावाने टीव्हीवर सांगितलं, छे, कब्जचा तो कधीच नव्हता, तो व्हाइट सॉक्सचा. आमच्या घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पुढे 2005 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या फायनलच्या, जुन्या चित्रणात पोप स्वतः गर्दीत बसलेले सापडले. आता ते बसले होते तिथे, स्टेडियमच्या सेक्शन 140 मध्ये, त्यांचं चित्र लावलंय. आमचे हे जाऊन दर्शन घेऊन आले. मी म्हटलं, 2024 साली जे दिवे लावलेत, त्यानंतर एवढा मोठा वशिला लागणारच होता या टीमला.

तुम्ही आत्ता साताऱ्याहून आलात, तुम्हाला कुठलं ठाऊक असणार! शिकागोत टीम दोन. उत्तरेला कब्ज, दक्षिणेला सॉक्स. एकाच रेड लाइनच्या गाडीने दोन्हीकडे जाता येतं, पण मनं काही जुळत नाहीत. आमची लेक कब्जची, शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या कब्जच्या म्हणून. हे सॉक्सचे, कारण ह्यांनी एमएस केलं आयआयटीतून. नाही नाही, पवईची नव्हे, इथलीही एक आयआयटी आहे, दक्षिण शिकागोत. कॉलेजच्या समोर हायवे आणि हायवेच्या पलीकडे सॉक्सचं स्टेडियम. विद्यार्थीदशेत जडलेली व्यसनं सुटतात थोडीच!

आणि खेळ किती असावा? आपल्या आयपीएलला साखळीत 14 मॅच खेळून पोरं दमतात. इथे 162. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज. त्या 162 पैकी 2024 साली आमचे किती जिंकले असतील? सांगा ना अंदाजे. एक्केचाळीस! एकशे एकवीस हरले. 1900 नंतर इतकं कुणीच हरलेलं नाही. पहिल्या 25 मॅचमध्ये तीन जिंकले होते, तेव्हाच मी म्हटलं होतं, यंदा घरातला रिमोट लपवावा.

एकदा तर अंपायरनेही हात धुऊन घेतले. मे महिना, समोर बाल्टिमोर. शेवटची इनिंग, आमचे 8-6 ने मागे, पण रंगात आलेले. दोन बेसवर आपली माणसं उभी. आमच्या बेनिन्टेंडीने चेंडू मारला तो सरळ वर, आभाळात. असा सोपा झेल असला की कॅच घ्यायच्या आधीच बॅटरला आउट देतात, नियमच आहे तसा. नाहीतर समोरचे मुद्दाम चेंडू पाडून एकाच्या जागी दोघांना बाद करतील. म्हणजे बॅटर गेलाच होता. पण दुसऱ्या बेसवरचा व्हॉन परत बेसकडे वळताना म्हणे झेल घेणाऱ्याच्या वाटेत आला. आला कसला! बाल्टिमोरच्या त्या हेंडरसनने अगदी आरामात झेल घेतला. तरी अंपायरने व्हॉनलाही आउट दिलं आणि मॅच खलास. हे सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, जसं काही तो अंपायर ह्यांचं ऐकणार होता.

पुढे जुलैत तर ताळच सोडला. ओळीने एकवीस मॅच हरले. त्यांच्या लीगमध्ये आजवर एकदाच असं झालं होतं, 1988 साली त्याच बाल्टिमोरचं. शेवटी 6 ऑगस्टला ओकलंडला जाऊन 5-1 ने जिंकले, आणि गंमत बघा, दोनच दिवसांनी मॅनेजर ग्रिफोलला काढून टाकला. एकवीस हरेपर्यंत ठेवला आणि जिंकल्यावर नारळ! याला म्हणतात कारभार.

पण मी म्हणते, मॅनेजरने तरी काय करावं? भांडेवालीला पैठणी देऊन स्टीलची डबी घ्यावी, तसा सगळा व्यवहार. चांगला पिचर सीझ, तो मार्चमध्येच सॅन डिएगोला दिला. जुलैत त्याने तिथे नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्याला अख्ख्या मॅचमध्ये एक हिट मिळू दिली नाही. सेल नावाचा एक फार पूर्वी दिलेला; त्याला 2024 साली अटलांटात साय यंग अवॉर्ड, पिचरचा सगळ्यात मोठा मान. कोपेकला जुलैअखेर डॉजर्सकडे धाडलं, आणि ऑक्टोबरात डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले. उरलासुरला गुणी क्रोशे, तोही डिसेंबरात बॉस्टनला. बदल्यात काय, तर होतकरू पोरं. होतकरूच हो, होतील तेव्हा होतील!

आता खरी मजा ऐका. सॅन डिएगोत आमचे 120 वी मॅच हरले आणि न्यूयॉर्क मेट्सच्या 1962 च्या विक्रमाची बरोबरी झाली. आणखी एक हरले की इतिहास. पुढच्या तीन मॅच घरच्या मैदानावर, समोर एंजल्स. ह्यांनी मंगळवारचं तिकीट काढलं. कशाला? हार बघायला! म्हणाले, शतकात एकदा होतं असं, प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे. सातव्या इनिंगपर्यंत 2-0 ने मागे, सगळं मनासारखं चाललेलं. आणि आठव्या इनिंगमध्ये त्या मेल्यांनी तीन रन काढले. जिंकले! लोक स्वतःच्याच टीमवर वैतागले, मालकाच्या नावाने ‘टीम विका, टीम विका’ ओरडायला लागले. हे घरी आले तेव्हा तोंड एवढंसं. मी विचारलं, काय हो, हरले का? तर म्हणतात, नाही ना! बुधवारी पुन्हा जिंकले, दहाव्या इनिंगमध्ये. गुरुवारी तर 7-0. सबंध वर्षात धड खेळले नाहीत, आणि जिंकायला मुहूर्त कुठला धरला बघा. शेवटी शुक्रवारी डेट्रॉइटला जाऊन 4-1 ने हरले. तेही कसं, त्या विजयाने डेट्रॉइट दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये गेलं. म्हणजे विक्रम आमचा आणि नाचत होते ते.

हे अजून समजूत घालत बसतात, माझी की स्वतःची कोण जाणे. म्हणे 1899 साली क्लीव्हलंड स्पायडर्स 134 हरले होते. हो, पण त्यांच्या मालकांनी सेंट लुइसची टीमही घेतलेली आणि चांगले खेळाडू सगळे तिकडे नेलेले. म्हणे मेट्स 120 हरले आणि सात वर्षांत वर्ल्ड सिरीज जिंकले. अहो, मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं, नवी टीम, लोकांनी हौसेने सांभाळून घेतलं. आमचे 1901 पासून याच लीगमध्ये खेळतायत! यांना कोण नवशिके म्हणेल? मुलांना नाही मी बोल लावत. पोरंच ती, दिलंय त्यात खेळतात बिचारी. मालकाला विचारा म्हणावं.

मालक कोण विचारता? जेरी राइन्सडॉर्फ. 1981 पासून टीम त्यांच्याकडे, बास्केटबॉलची बुल्सही त्यांचीच. नव्वदीला टेकलेत. आणि हे स्टेडियम कसं मिळालंय ठाऊक आहे? 1988 साली म्हणाले, बांधून द्या, नाहीतर टीम फ्लोरिडाला नेतो. विधानसभेत मतदान करता करता मध्यरात्र उलटत आली आणि मुदत तर बाराची. तर घड्याळच थांबवलं! खरंच हो, गव्हर्नर स्वतः सभागृहात उतरून मतं गोळा करत होते. आता पुन्हा नवीन स्टेडियम हवंय, तेही सरकारी पैशातून. 121 हरले त्याच वर्षी मागणी केली. लाज म्हणून काही?

तर 2025 साली बातमी आली. जस्टिन इश्बिया नावाचा एक धनाढ्य आहे, त्याच्याकडे टीम जाणार म्हणे. ह्यांनी लगेच चहा टाकला, आनंदाने. मग खालचं वाचलं. राइन्सडॉर्फ विकू शकतात ते 2029 पासून, आणि तेही त्यांच्या मनात आलं तर! नाहीतर 2034 चा सीझन संपेपर्यंत कुणी हलवू शकत नाही त्यांना. मी म्हटलं, अहो, 2029 ला तर तुम्ही रिटायर व्हाल. तर म्हणतात, तेच बरं, घरच्या 81 च्या 81 मॅचना जाता येईल. जा म्हटलं, खुशाल जा. मी कशाला अडवू, काकू? उन्हाळाभर टीव्ही माझा.