पालखी पुलापाशी वळवणाऱ्या अध्यक्षांस

आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टचे सन्माननीय अध्यक्षसाहेब यांच्या सेवेशी सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, यंदाच्या यात्रेची मानाची सुपारी पोचली. मनापासून आभार. आपण एवढे कामाचे, तरी ही सुपारी एका वर्षीही चुकली नाही. आपला माणूस येतो, सुपारी आणि अकरा रुपये उंबऱ्यावर ठेवतो आणि दोन पावलं मागं सरतो. हातात देत नाही. आई वाकून उचलते, कपाळाला लावते.

आमच्या आबांना आपण देवाच्या पुढे चालवता, हा मोठाच मान. चैत्री पुनवेला पहाटे मंदिरामागं ते पाचटाचा जाळ करतात, हलगी शेकतात, चामडं ताणलं की बोटानं टिचकी मारून कान लावतात. हलगी कडाडल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. मग तीन तास अनवाणी. मारुतीच्या पारापाशी पालखी थांबते, पाटलांच्या वाड्यापाशी थांबते, आपल्या बंगल्यापाशी तर जातानाही आणि येतानाही. ओढ्याच्या पुलावर पोचली की वळते. पुलापलीकडं आमची वस्ती. देव वळला की आबांनाही वळावं लागतं, स्वतःच्या दाराकडं पाठ करून, वाजवत. पलीकडच्या टोकाला आई आरतीचं ताट घेऊन उभी असते. मी लहान होते तेव्हा तिचा पदर धरून उभी राहायचे आणि विचारायचे, आबा आपल्याकडं का येत नाहीत. ती वाऱ्यानं विझलेली वात पुन्हा लावायची.

आपण दर वेळी कारण समजावून सांगता, त्याबद्दलही ऋणी आहे. ओढ्याला पूल नाही म्हणून पालखी येत नाही, असं आपण आधी म्हणालात. पूल झाला. मग वस्तीतला रस्ता अरुंद निघाला. तो रुंद झाला, सिमेंटचा झाला. आता उशीर होतो म्हणता. पुलावरून आपली ट्रॅक्टर-ट्रॉली रोज ऊसतोडीला माणसं न्यायला येते, तिला कधी उशीर होत नाही.

आपल्या कृपेनं मी वाचायला शिकले. देव पुलावर का वळतो, हे गावात कुणी सांगेना, म्हणून पुस्तकं धुंडाळली. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षी रामनवमीचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, असं ठरलं होतं. ऐन वेळी रथ पळवून नेला आणि बाबासाहेबांच्या माणसांवर दगड आले. वाचताना मला पुलावर पाठमोरे आबा दिसले. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या लेकरांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. पुढे राज्यघटनेचं १७ वं कलम आलं, १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला, १९५६ चा मंदिरप्रवेशाचा आला. आपण सभेत म्हणालात, "आमच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडं आहे." खरं आहे, साहेब. मी आत जाऊन आले. पण देव बाहेर निघतो तेव्हा कुठल्या रस्त्यानं जायचं हे आपण एकटे ठरवता, आणि त्या रस्त्यावर आमचं घर कधी येत नाही.

भंडाऱ्याला आम्हांला शेवटच्या पंगतीत वाढता. त्याबद्दल काही म्हणत नाही, आबांनीच जेवायला जाणं सोडलंय.

देवाच्या जमिनीचा भार मात्र आपण फार सोसता. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव. कायद्यानं देव अज्ञान, म्हणजे कायमचं लहान मूल, आणि आपण त्याचे सांभाळणारे. त्या रानात आईनं बारा वर्षं खुरपणी केली. तिथला ऊस आपल्या नावानं कारखान्याला जातो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं आणि हिशोब दर वर्षी तपासून द्यावा लागतो, हे १९५० पासून कायद्यात आहे. मी परिशिष्ट एकची नक्कल काढली. त्यात आपले थोरले काका अजून विश्वस्त आहेत. त्यांच्या तेराव्याला हलगी आबांनीच वाजवली होती.

एवढं लिहिलं म्हणून राग मानू नये. आबा अजून आपल्याला मालक म्हणतात आणि देवावरचा त्यांचा जीव तसाच आहे. त्यांचे गुडघे आता गेले, यंदा मंदिरापर्यंत चालवणार नाही. सुपारी मी परत पाठवत नाही, देव्हाऱ्यात ठेवली आहे. पुनवेला ते दारातच जाळ करून हलगी शेकत बसतील. पालखी पूल ओलांडेल तेव्हा वाजवतील.

पुलापासून आमचं दार एकशे बारा पावलांवर आहे. मी काल मोजून आले.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
हलगीवाल्याची लेक