चोविसावा कोण?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की आमच्या कोल्हापुरी कंपूत एक कोरा कागद फिरतो. छत्तीस रेघा. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची साखळी फेरी जानेवारीत संपेल तेव्हा कोण कितवा असेल, ते आत्ताच लिहून द्यायचं. ज्याचा कागद सगळ्यात जास्त चुकेल, त्याने बाकीच्यांना मिसळ घालायची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्याने बंद झाले, पण मिसळ लावायला हरकत नाही, असं आमच्यातल्या वकिलाचं मत आहे. मताची फी एक प्लेट, तर्री वेगळी.

फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम भारी की शिवाजी मंडळ, यावरून महिना-महिना अबोला धरणारं हे गाव. त्यामुळे इटलीतल्या बेर्गामोच्या लेफ्ट बॅकबद्दल आमची मतं ठाम असतात. तो गृहस्थ आम्ही टीव्हीवर दोनदा पाहिलेला असतो, त्यातही एकदा डोळा लागलेला.

पूर्वी कागद सोपा होता. 1999 पासून 2024 पर्यंत पंचवीस हंगाम तोच थाट: बत्तीस संघ, आठ गट, गटात चार, वरचे दोन पुढे. हिशेबाने पुढे जाणाऱ्यांच्या जोड्या जवळजवळ 16 लाख 80 हजार प्रकारे लागू शकतात. एवढं असूनही आमच्यातला सगळ्यात ढ गडीसुद्धा सोळापैकी बारा-तेरा नावं बरोबर आणायचा. कारण शक्यता लाखो असल्या तरी पैसा पाचच देशांत होता. 2019-20 मध्ये तर बाद फेरीतले सोळाच्या सोळा संघ इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्सचे निघाले. याला भाकीत म्हणत नाहीत. सातबारा वाचून दाखवणं म्हणतात.

पंडितांची सोय मात्र झाली होती. चार बरे संघ एकत्र आले की 'ग्रुप ऑफ डेथ' म्हणायचं आणि गंभीर चेहरा करायचा. 2023-24 मध्ये पीएसजी, डॉर्टमुंड, मिलान आणि न्यूकॅसल एका गटात पडले. आम्ही डॉर्टमुंडला चौथ्या रेघेवर आडवं केलं, वर फुलं वाहिली. डॉर्टमुंड गटात पहिलं आलं, आणि वेम्बलीला अंतिम सामना खेळलं. वाटेत उपांत्य फेरीत त्यांनी हरवलं कोणाला, तर त्याच गटातल्या पीएसजीला. मृत्यूच्या गटातले दोघे स्मशानातून उठून थेट मांडवात.

खरी मौत अशी बोर्ड लावून येत नाही. 2013-14 मध्ये नापोलीने सहापैकी चार सामने जिंकले, 12 गुण मिळवले आणि तरी स्पर्धेबाहेर गेली. डॉर्टमुंड आणि आर्सेनलचेही बाराच होते. चौथ्या मार्सेने शून्य गुण घेऊन तिघांना सारखंच पोसलं होतं. नापोलीचा इग्वाइन मैदानावर रडला. गटात शून्यवाला असला की बाकीच्यांचे मार्क फुगतात, हे कोणत्याही शाळामास्तराने सांगितलं असतं.

आणि शेरीफ तिरास्पोल. हे नाव नुसतं घेतलं तरी आमच्या कंपूतला एक जण अजून पाणी मागतो. मोल्डोव्हातून फुटून निघालेली ट्रान्सनिस्ट्रिया नावाची एक पट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांतला एकही देश तिला देश मानत नाही. तिथे स्वतःचं चलन आहे, आणि त्यातली काही नाणी चक्क प्लास्टिकची. या पट्टीतला क्लब 28 सप्टेंबर 2021 ला माद्रिदला गेला. रेआलच्या घरी. त्या स्पर्धेवर रेआलचा हक्क म्हणजे पंढरपुरात बडव्यांचा होता तसा. नव्वदावं मिनिट आलं, 1-1 बरोबरी होती, आणि सेबास्तियन थिल नावाच्या लक्झेंबर्गच्या माणसाने लांबून असा एक फटका मारला की चेंडू वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. 2-1. आमच्या ज्या गड्याने शेरीफपुढे 'शून्य गुण' लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं, त्याने तो कागद खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवला. बोलला काही नाही.

पुढे रेआल गटात पहिलंच आलं, शेरीफ तिसरं, आणि मे महिन्यात करंडक रेआलनेच उचलला. म्हणजे आमच्या गड्याने वरची दोन नावं बरोबर लिहिली होती, मिसळही त्याच्यावर बसली नाही. तरी लोक आजतागायत त्याला 'तिरास्पोल' म्हणून हाक मारतात. भाकीत बरोबर आल्याचं कोणी लक्षात ठेवत नाही.

मग स्पर्धा भरवणाऱ्या युएफाला वाटलं, हे फारच सरळ चाललंय. वाटलं म्हणजे काय, मोठ्या बारा क्लबांनी एप्रिल 2021 मध्ये 'सुपर लीग' नावाची वेगळी चूल मांडायची धमकी दिली. दुसऱ्याच दिवशी युएफाने स्वतःची नवी रचना मंजूर केली. ती वेगळी चूल दोन-तीन दिवसांत विझली. नवी रचना मात्र आली. 2024 पासून गटच नाहीत: छत्तीस संघांची एकच रांग, प्रत्येकाचे आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने, चार घरी आणि चार बाहेर. स्पर्धेतले सामने 125 वरून 189 झाले. क्रीडाप्रेम वाढलं की असं होतं.

पहिली सोडत मोनॅकोत निघाली, 29 ऑगस्ट 2024 ला. मंचावर बुफॉन आणि रोनाल्डो. पूर्वी असले तारे प्लास्टिकचे चेंडू उघडून चिठ्ठ्या काढायचे. म्हाडाच्या सोडतीसारखा कारभार, फक्त सूट चांगले. या वेळी सगळं हाताने करायचं तर नऊशे-हजार चेंडू आणि तीन-चार तास लागले असते, म्हणून बटण दाबलं की संगणकच आठ प्रतिस्पर्धी ओकायचा. गरम चेंडू, थंड चेंडू, चिठ्ठी आधीच ठरलेली, असले आरोप करायची सोयही गेली. बटणावर संशय घ्यायचा तर निदान भारतीय मतदार असावं लागतं.

आणि आमचा चार-चार रेघांच्या गटांचा कागद सलग छत्तीस रेघांचा झाला. छत्तीस संघ किती प्रकारे ओळीने लावता येतील? उत्तर बेचाळीस आकडी आहे. आपल्या पूर्वजांनी एकं दहं करत परार्धापर्यंत नावं ठेवली, पुढे नमस्कार केला. परार्ध अठरा आकडी. परार्धाला परार्धाने गुणलं तरी इथवर पोचत नाही.

पण आपल्याकडच्या माणसाला नवी रचना समजायला वेळ लागला नाही. पहिले आठ डिस्टिंक्शन, थेट पुढच्या वर्गात. नऊ ते चोवीस एटीकेटी, फेब्रुवारीत दोन पेपर, म्हणजे दोन सामने, पुन्हा द्यायचे. पंचवीस ते छत्तीस नापास. पूर्वी तिसऱ्या नंबरवाल्याला युरोपा लीगमध्ये ढकलून 'वरच्या वर्गात घातलं' म्हणायचे, ती दयाही बंद.

आता गंमत पाहा. छत्तीस रेघांच्या कागदावर सगळे भांडतात कशावर? पहिल्या आठांवर. तिथली नावं मात्र निम्मीअर्धी बँकबुक बघून लिहिता येतात. चोविसावी आणि पंचविसावी रेघ प्रत्येकजण शेवटी, चहा निवल्यावर, उरलेल्या नावांनी भरतो. सगळा खेळ त्या दोन रेघांमध्ये असतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं.

पहिल्याच वर्षी दिनामो झाग्रेबने 11 गुण मिळवले. मँचेस्टर सिटीचे 11, स्पोर्टिंगचे 11, ब्रुजचे 11. चौघांचे गुण सारखे. तिघे एटीकेटीत, दिनामो पंचविसावा, कारण गोलफरक. दिनामोचा उणे सात, ब्रुजचा उणे चार. हे उणे सात आले कुठून? पहिल्याच सामन्यातून. सप्टेंबरमध्ये म्युनिकला जाऊन दिनामोने बायर्नकडून 9-2 मार खाल्ला. बायर्नच्या केनने एकट्याने चार मारले. बाकीच्या सात सामन्यांचा जमाखर्च बरोबर शून्य. शेवटच्या रात्री त्यांनी मिलानला 2-1 हरवलं तरी सप्टेंबरचा तो जुना वळ जानेवारीत उमटला. बायर्नने सहा गोलांवर पोट भरलं असतं तर दिनामो पुढे गेला असता. नऊपैकी सातवा, आठवा, नववा गोल कोणत्या भाकितात धरायचा असतो, ते पंडितांनी सांगावं.

सिटीचं सांगायला हवं. शेवटच्या रात्री अठराच्या अठरा सामने एकाच वेळी, आणि मध्यंतराला सिटी ब्रुजकडून 1-0 मागे, म्हणजे चालू निकालाने नापास. 3-1 जिंकले, बाविसावे आले, आणि एटीकेटीत रेआलने दोन्ही पेपरांत पाडलं. माझ्या कागदावर सिटी पहिल्या रेघेवर होतं. मिसळ कोणी घातली, वेगळं सांगत नाही.

आणि पीएसजी? पाच सामन्यांत 4 गुण, तीन गोल. सिटीविरुद्ध पॅरिसला 0-2 मागे. तिथून 4-2 जिंकले, पंधरावे आले, एटीकेटीत ब्रेस्तला दोन पेपरांत मिळून दहा गोल मारले. मग पहिल्या नंबराने पास झालेल्या लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर पेनल्टीवर बाहेर काढलं. लिव्हरपूलने आठांपैकी सात सामने जिंकले होते, आणि बक्षीस म्हणून सोडतीत पदरात काय पडलं, तर पीएसजी. 31 मे 2025 ला म्युनिकमध्ये पीएसजीने इंटरला 5-0 हरवलं. एटीकेटीवाला पोरगा विद्यापीठात पहिला. ज्यांनी साखळी फेरीचा कागद त्यातल्या त्यात बरोबर भरला होता, त्यांनी पीएसजीला खालीच ठेवलं होतं. बरोबर उत्तराने सगळ्यात जास्त फसवलं ते असं.

हल्ली महासंगणकही भविष्य सांगतात. स्पर्धा आतल्या आत हजारो वेळा खेळवून पाहतात आणि सांगतात, अमक्याची शक्यता इतके पूर्णांक इतके दशांश टक्के. दशांश चिन्ह लागलं की माणूस विश्वास ठेवतो. नाक्यावरचा पोपटवाला 'प्रवासयोग आहे' एवढंच सांगतो; '61.4 टक्के प्रवासयोग' म्हणाला असता तर आतापर्यंत त्याची कंपनी झाली असती. चुकल्यावर संगणकाची पळवाटही ज्योतिषापेक्षा चांगली आहे. ज्योतिषाला जन्मवेळेवर ढकलावं लागतं. संगणक म्हणतो, मी शून्य टक्के कुठे म्हटलं होतं?

2026 मध्ये साखळीची शेवटची रात्र होती 28 जानेवारीची. तिकडची रात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचा दीड ते साडेतीन. आवाज बंद, घरात अंधार, फ्रिजवर मोबाइल टेकवून दुसरा सामना. लिस्बनमध्ये बेनफिका विरुद्ध रेआल. बेनफिकाचा प्रशिक्षक मोरिन्हो, जो एकेकाळी रेआलचाच होता. सव्वातीनच्या पुढे बेनफिका 3-2 ने पुढे. रेआलला हरवणार म्हणून प्रेक्षक उभे. पण दुसरीकडे मार्से ब्रुजमध्ये 3-0 हरूनही चोविसाव्या जागेवर बसलं होतं. बेनफिकाचे गुण तेवढेच, गोलफरकही तेवढाच, फक्त मारलेले गोल कमी. म्हणजे जिंकूनही नापास. अजून एक गोल हवा होता. भरपाई वेळ संपत आलेली, फ्री किक मिळाली, आणि मोरिन्होने गोलरक्षकाला पुढे जायची खूण केली.

अनातोली त्रुबिन. युक्रेनचा, ताडमाड. संपूर्ण मैदान ओलांडून गेला, अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला उडी मारली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 4-2. बेनफिका चोविसावी, मार्से पंचविसावं, रेआल आठांतून घसरून नववं. मी ओरडलो असणार, कारण आतून आई उठून आली. "कोण गेलं?" तिने विचारलं. पहाटे साडेतीनला आमच्या घरी दुसरं काही विचारत नाहीत. मार्से, असं सांगितलं. "बरं. वय काय होतं?"

सामन्यानंतर त्रुबिनने कबूल केलं की अजून एक गोल लागतो हे त्याला आधी माहीतच नव्हतं. सगळे हातवारे करायला लागले म्हणून तो पुढे गेला. आम्ही नऊ जणांनी पाच महिने आकडेमोड केली, संगणकांनी हजारो स्पर्धा खेळवल्या, आणि ज्याने निकाल लावला त्याने गुणतक्ता पाहिला नव्हता.

माझ्या कागदावर चोविसाव्या रेघेवर मार्से होतं. अठ्ठ्याण्णवावं मिनिट उजाडेपर्यंत बरोबर होतं.