पंधरा औंसांचा संसार

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात दोन-चार तरी हलकेवाले असतात. बाहेरून ओळखू येत नाहीत. साठी उलटलेली, उभी हयात पोस्टात नाहीतर विमा कंपनीत गेलेली, अंगणातलं गवत वेळच्या वेळी कापलेलं. शेजारी म्हणून यांच्याइतकी निरुपद्रवी माणसं मिळायची नाहीत. फक्त त्यांच्यासमोर ‘कोब्रा’ हा शब्द उच्चारू नये. उच्चारलात तर तळघरात चला म्हणतात, आणि मग रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच होतं.

कोब्रा म्हणजे कोल्ट कंपनीचं १९५० सालचं रिव्हॉल्व्हर. कंपनीचं त्याआधीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ पोलादी होतं, साधारण २१ औंसांचं. साध्या वेशातल्या पोलिसाच्या कोटाचा एक खिसा त्यानं असा लोंबायचा की साध्या वेशाचा उपयोगच संपायचा. म्हणून कोल्टनं सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि वजन १५ औंसांवर, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमवर आणलं. स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसननं १९५२च्या सुमारास आपलं ‘एअरवेट’ काढलं. हेतू दोघांचाही एकच: हत्यार जवळ आहे याचा बाळगणाऱ्याला विसर पडावा. अशी हलकी जुनी रिव्हॉल्व्हरं जमवणाऱ्या आमच्या हलकेवाल्याला चोवीस तास दुसरं काही आठवत नाही.

या सव्वाचारशे ग्रॅमच्या जिवासाठी तळघरात एक तिजोरी असते. ती उतरवायला चार माणसं लागली होती आणि जिन्याचा कठडा काढावा लागला होता. आत दमट हवा शोषणारं यंत्र. बाजूला तीन कपाटं पुस्तकांची, एक कपाट रिकाम्या खोक्यांचं. होय, रिकाम्या. रिव्हॉल्व्हर ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून १९५४ साली दुकानात आलं, ते खोकं त्याच नंबरचं मिळालं तर किंमत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे नुसत्या खोक्यासाठी हा माणूस तीनशे मैल गाडी हाणत जातो आणि परतताना त्याला सीटबेल्ट लावतो. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूला रिव्हॉल्व्हरचाच नंबर असावा लागतो. नसला, तर ती मूठ कितीही देखणी असो, तिची गणना सवतीच्या लेकरांत.

हलकेवाल्यांत दोन पंथ आहेत, कोल्टपंथी आणि स्मिथपंथी. कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, स्मिथचं उलटं. कोल्ट उघडायला खटका मागे ओढायचा, स्मिथला तो पुढे ढकलायचा. कोब्रात सहा काडतुसं, छोट्या एअरवेटमध्ये पाच. मतभेद एवढेच, पण यावरून माणसांनी नाताळाची कार्डं पाठवणं बंद केलेलं आहे. स्मिथपंथीयांत पुन्हा स्क्रूंवरून पोटभेद. या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांना सुरुवातीला पाच स्क्रू असत. कंपनीनं काटकसर करत आधी चार केले, मग तीन. पाचस्क्रूवाले चारस्क्रूवाल्यांकडे ज्या नजरेनं पाहतात, ती नजर मी याआधी फक्त पत्रिका जुळवताना पाहिली होती. तीनस्क्रूवाल्यांना तर पंगतीतच घेत नाहीत.

सिलिंडर फिरलं की त्याला अडवणारा खटका त्यावर घासतो आणि भोवताली एक बारीक रेघ उमटते. ही रेघ हलकेवाल्याच्या आयुष्यातलं मोठं दुःख. रेघ उमटू द्यायची नसेल तर सिलिंडर फिरवायचं नाही. फिरवायचं नाही म्हणजे घोडा ओढायचा नाही, चाप दाबायचा नाही. म्हणजे रिव्हॉल्व्हर या वस्तूनं जे जे काही करायचं असतं ते काहीच करू द्यायचं नाही, आणि मग ती उत्तम स्थितीत आहे असं म्हणायचं.

बार उडवायचा प्रश्न तर उद्भवतच नाही. त्याचं कारण मात्र खरं आहे. नळी जिथे सांगाड्यात बसते तिथे ॲल्युमिनियमची भिंत फार पातळ असते, आणि जुन्या एअरवेटना तिथेच तडा जातो. त्यात कोणी जादा दाबाची आधुनिक काडतुसं घातली तर बघायलाच नको. शिवाय हत्यार जेवढं हलकं तेवढा धक्का हाताला जास्त. स्वतःवर बेतलं तर तो म्हणतो, ‘मनगट दुखतं’. रिव्हॉल्व्हरवर बेतलं तर त्याला शब्द सुचत नाहीत.

अमेरिकी हवाई दलानं एकदा हलकेपणाची कमाल केली होती. वैमानिकांसाठी सांगाड्याबरोबर सिलिंडरही ॲल्युमिनियमचं करवून घेतलं. पुढे त्याचा भरवसा वाटेना, म्हणून बहुतेक नग परत घेऊन मोडीत काढले. त्यातून वाचलेलं एखादं ‘एअरक्रूमन’ आपल्याला सापडावं हे प्रत्येक हलकेवाल्याचं स्वप्न. ते दरवर्षी प्रदर्शनात सापडतंही, आणि दरवर्षी खोटं निघतं.

आपल्याकडे खंडेनवमीला वर्षातून एकदा शस्त्रांना हळदकुंकू लागतं. यांची खंडेनवमी दर रविवारी. टेबलावर हिरवं कापड, त्यावर ब्रश, चिंध्या आणि १९०३ पासून विकली जाणारी ‘हॉप्स नंबर नाईन’ची बाटली. तिचा वास साऱ्या घरात भरतो. हलकेवाला तो डोळे मिटून घेतो. मग मेण लावायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, भिंगातून पाहायचं आणि गेल्या रविवारी होतं तसंच आहे याची खात्री करून तिजोरीत ठेवायचं. झिजलेल्या काळ्या रंगावर नवा रंग चढवू का, असं मात्र विचारू नये. पोलादाला काळं करायच्या उकळत्या क्षारांत ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळतं. माझ्यासारख्यानं हे सुचवलं, की तो तिजोरीचं दार हळूच लोटून घेतो.

जॅक रुबीचा विषय त्याला आवडत नाही. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पोलीस ठाण्याच्या तळघरात रुबीनं केनेडींच्या खुनातल्या आरोपी ओस्वाल्डला गोळी घातली ती कोब्रानंच. ‘फार वाईट झालं,’ असं तो म्हणतो आणि त्याच दमात तो कोब्रा १९९१ साली लिलावात २,२०,००० डॉलरला गेल्याचं सांगतो. त्या क्षणाचा प्रसिद्ध फोटो पाहताना सगळं जग ओस्वाल्डचा चेहरा बघतं. हा बोट ठेवून म्हणतो, ‘घोड्यावर झाकण बसवलेलं आहे, बघितलंस?’

त्याची बायको वेगळ्या घडणीची. तिच्या पर्समध्ये किल्ल्या, लिपस्टिक आणि वाणसामानाच्या कुपनांखाली रुगरचं एलसीआर असतं. २००९ सालचं मॉडेल, बराचसा भाग प्लास्टिकचा, आणि वजन साडेतेरा औंस. म्हणजे कोब्राहून दीड औंस कमी. हा मुद्दा त्या घरात काढायचा नसतो. ती महिन्यातून एकदा नेमबाजीला जाते आणि भोकं पडलेला कागद आणून फ्रिजवर लावते. तो कागद बघून तो एवढंच विचारतो, ‘सिलिंडरवर रेघ किती आली?’

गेल्या वर्षी तिनं फर्मान काढलं की तिजोरीत एक नवं आलं तर एक जुनं जाईल. बिचारा एक जास्तीचं चारस्क्रू एअरवेट घेऊन प्रदर्शनाला गेला. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, पैसे मोजले जात होते. तेवढ्यात त्या पोरानं सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन सिलिंडर खाडकन बंद केलं. अशानं सिलिंडर धरणारा दांडा वाकतो. हलकेवाल्यानं एक शब्द न बोलता रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातून काढून घेतलं, पैसे परत केले, आणि मन ताळ्यावर यावं म्हणून शेजारच्या टेबलावरचं पाचस्क्रू विकत घेतलं.