तेरा, तेरा-अ, चौदा

सरकारी नोकरांच्या वेतनश्रेण्या फार झाल्यात, त्या कमी करा, असं आपल्या देशात साधारण दर दहा वर्षांनी ठरतं. ठरतं म्हणजे एक न्यायमूर्ती बसतात, दीड-दोन वर्षं साक्षी घेतात, जाडजूड अहवाल देतात आणि श्रेण्या कमी करतात. पुढचे न्यायमूर्ती येऊन मोजदाद करतात, तेव्हा त्या पुन्हा वाढलेल्या असतात. चौथ्या केंद्रीय वेतन आयोगाने १९८६ मध्ये १५३ श्रेण्यांना कात्री लावून ३६ ठेवल्या. दहा वर्षांनी पाचवा आयोग आला, तर हजेरीपटावर ५१. त्याने त्या ३४ केल्या. मधल्या दहा वर्षांत या पंधरा जास्तीच्या श्रेण्या कुठून उगवल्या, असा भाबडा प्रश्न कोणी विचारू नये. त्या उगवत नाहीत. त्या मागितल्या जातात. आधी निवेदन, मग धरणं, मग लवाद, मग न्यायालय, आणि शेवटी ‘विशेष बाब म्हणून’.

सहाव्या आयोगाचे अध्यक्ष होते न्या. बी. एन. श्रीकृष्ण. मुंबईच्या दंगलींवरचा त्यांचा अहवाल १९९८ पासून सरकारदरबारी धूळ खात पडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेतनावरचा अहवाल त्यांनी मार्च २००८ मध्ये दिला आणि ऑगस्टमध्ये तो मंजूरसुद्धा झाला. पगाराचा अहवाल कुठलंही सरकार बासनात बांधून ठेवत नाही. तर या अहवालात सुलभीकरणाचा कळस होता. पस्तीसेक श्रेण्या गेल्या आणि त्या जागी फक्त चार वेतनपट्टे आले. चार! माणसाला बोटांवर मोजता यावेत इतके. फक्त एक बारीक गोष्ट होती. प्रत्येक पट्ट्यात ‘ग्रेड पे’ नावाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. एकट्या पहिल्या पट्ट्यातच १८००, १९००, २०००, २४०० आणि २८०० अशा पाच. म्हणजे पट्टा एकच, पण कोण कुठल्या खुंटीला टांगलाय ते लांबूनही दिसावं. कार्यालयात लगेच लोक एकमेकांना आकड्यांनी ओळखू लागले. ‘तो ४२००वाला’, ‘ही ४६००वाली’.

चार पट्ट्यांत काही मंडळी मावेनात. जुन्या वर्ग चारमधले, दहावी न झालेले शिपाई, चौकीदार, फर्राश. त्यांच्यासाठी पहिल्या पट्ट्याच्याही खाली एक तात्पुरता पट्टा काढला. त्याचं अधिकृत नाव ‘-१एस’. विनोद करत नाही. लोकशाही राज्यात माणसाला वजा आकड्याची श्रेणी मिळू शकते, हे सिद्ध करायला आपल्याला फार मोठे गणिती लागले नाहीत. प्रशिक्षण घ्या आणि अधिक चिन्हाच्या बाजूला या, अशी सोय होती. केंद्राने त्यांना यथावकाश वर आणलं, गट ‘ड’ हा प्रकारच मोडीत काढला आणि शिपाई, दफ्तरी, जमादार, फर्राश, माळी यांना एकाच नावाखाली गोळा केलं : मल्टी टास्किंग स्टाफ. पूर्वी एक जण फायली नेई, दुसरा झाडलोट करी, तिसरा बाग बघे. आता एकच माणूस फायली नेतो, झेरॉक्स काढतो, खोल्या उघडतो, बंद करतो, बाग बघतो आणि परवाना असेल तर गाडीही चालवतो. वर्गीकरण सोपं करण्याचा हा प्रयोग मात्र शंभर टक्के यशस्वी झाला, कारण तो सगळ्यात खालच्यांवर झाला.

वरच्या मजल्यावर काय झालं ते बघा. आयोगाने ५०००-८०००, ५५००-९००० आणि ६५००-१०५०० या तीन जुन्या श्रेण्या एकत्र करून सगळ्यांना ४२०० ग्रेड पे दिला. कागदावर सुटसुटीत. पण यातली एक श्रेणी दुसरीची बढतीची जागा होती. बढती मिळायला ज्याने अर्धं आयुष्य घालवलं, तो एका सकाळी आपल्याच हाताखालच्याच्या पंक्तीत जाऊन बसला. मग व्हायचं तेच झालं. नोव्हेंबर २००९ मध्ये आदेश निघाला आणि ६५००वाल्यांना ४६०० ग्रेड पे देऊन पंक्तीतून उठवण्यात आलं. जोडणी, मग तोडणी.

खरी गंमत आश्वासित प्रगती योजनेत आहे. दहा, वीस, तीस वर्षं एकाच जागी सडणाऱ्याला बढती नाही तर निदान वरचा पगार द्यायचा, अशी ही योजना. पद तेच, टेबल तेच, वरचा पंखाही तोच, फक्त पगारपत्रकातला आकडा वर सरकतो. केंद्राच्या २००९च्या आदेशात एक कलम आहे : ज्या दोन श्रेण्या आता एक झाल्या, त्यांच्यामधली जुनी बढती हिशेबात धरायची नाही. म्हणजे १९९५ साली ज्याने बढतीचे पेढे वाटले, त्याला चौदा वर्षांनी सरकारने कळवलं की तुमची बढती झालीच नव्हती. आणि त्याला त्याचा आनंद झाला! कारण न झालेल्या बढतीपोटी आता एक पायरी जास्त मिळणार होती. आपली बढती रद्द झाल्यावर खूश होणारा कर्मचारी जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे सापडला तर जरूर कळवा.

सातव्या आयोगाने ग्रेड पे गाडला आणि ‘पे मॅट्रिक्स’ आणलं. उभ्या-आडव्या चौकटी, अठरा स्तर. १८ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत सगळा हिंदुस्थान एका पानावर. फारच स्वच्छ काम. तेराव्या स्तरापर्यंत बोट नीट खाली-वर फिरतं आणि तिथे अडखळतं. तेराच्या पुढे चौदा नाही. तेराच्या पुढे तेरा-अ. जुन्या ८९००च्या खुंटीवरच्या लोकांना ८७००वाल्यांत मिसळवेना आणि १० हजारवाल्यांत बसवेना, म्हणून दोन पायऱ्यांच्या मध्ये ही एक फळी टाकली. एका पानाच्या कोष्टकात एकच ‘अ’ आहे आणि त्यात आपल्या नोकरशाहीचं सगळं मानसशास्त्र आहे. पगारातला फरक किती, हा प्रश्न दुय्यम. फरक आहे ना? बास.

महाराष्ट्राने केंद्राच्या पावलावर पाऊल टाकलं, पण जरा रेंगाळत. केंद्राचे अठरा स्तर, आपले एस-१ ते एस-३१. लिपिक एस-६ मध्ये, मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी आणि पोलीस उपनिरीक्षक एस-१४ मध्ये, उपजिल्हाधिकारी एस-२० मध्ये. मधल्या पायऱ्यांवर कोण बसतं हे त्या त्या संघटनेच्या सरचिटणीसाला विचारावं, तो झोपेतही सांगेल. सहाव्या आयोगासाठी आपल्याकडे हकीम समिती होती. सातव्यासाठी बक्षी समिती. बक्षी समितीच्या अहवालाचे खंड दोन, कारण पहिल्यात वेतनाची मांडणी झाली आणि दुसऱ्यात त्यातल्या त्रुटी. त्रुटी निस्तरल्यावर ज्या उरल्या त्यांच्यासाठी २०२४ मध्ये वेतनत्रुटी निवारण समिती आली, मुकेश खुल्लर यांच्या अध्यक्षतेखाली. ‘वेतनत्रुटी’ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पगार कमी असणं ही त्रुटी नव्हे. शेजारच्या खात्यातल्याला तेवढाच नसणं किंवा खालच्या टेबलावरच्याला तेवढाच असणं, ही त्रुटी.

श्रेणी वाढवायला पैसे लागतात. नाव बदलायला शाई पुरते. २०२४ मध्ये राज्यात नामकरणाचा जो हंगाम आला, त्यात तलाठी गेला आणि ग्राम महसूल अधिकारी आला. कोतवाल गेला आणि महसूल सेवक आला. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक होऊन ग्रामपंचायत अधिकारी झाली. यातलं शेवटचं काम खरोखरच सोपं करण्याचं, त्याला दाद द्यायला हवी. बाकी सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला गेलेल्या शेतकऱ्याला पूर्वी तलाठी आप्पा जागेवर सापडत नसत, आता ग्राम महसूल अधिकारी सापडत नाहीत. एका गावावर ‘अधिकारी’ मात्र दोन झाले.

जुनी नावं सरकारने काढली तरी लोक सोडत नाहीत, हेही खरं. वर्ग एक ते वर्ग चार हे केंद्राने सत्तरच्या दशकातच बाद करून अ, ब, क, ड असे गट केले. पन्नास वर्षं झाली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बघा, पोरगं अजून ‘क्लास वन’च्या तयारीला बसलंय आणि त्याच्या गावी स्थळं ‘क्लास टू’पर्यंत थांबायला तयार आहेत. गट-ब मध्ये पुन्हा राजपत्रित आणि अराजपत्रित अशी फाळणी. राजपत्रित अधिकाऱ्याचा समाजाला एकच ठळक उपयोग होता, झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ म्हणून सही करण्याचा. २०१५ मध्ये राज्याने स्वयंसाक्षांकन आणलं आणि तोही गेला. फाळणी शिल्लक आहे.

या सगळ्या धामधुमीत एक वर्गीकरण कुठल्याही आयोगाशिवाय, साक्षीपुराव्याशिवाय अगदी सोपं होऊन बसलंय. त्यात एस-१ नाही, वजा एक एससुद्धा नाही. २००० सालापासून राज्यातला नवा शिक्षक आधी तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो आणि त्याला पगार नव्हे, मानधन मिळतं. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांमधली शिपायाची पदंच व्यपगत ठरवून त्याऐवजी ‘शिपाई भत्ता’ आला, ग्रामीण शाळेला महिना ५ हजार. माणसाची जागा रद्द करून तिचा भत्ता करायचा, हे मॅट्रिक्स आखणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला, कंत्राटी माणसं आहेत तिथेच आहेत. अंगणवाडी सेविका मानधनावर. आशा तर नावातच ‘स्वयंसेविका’, म्हणजे ती गरोदर बाईला रात्री दवाखान्यात नेते ते हौसेखातर, आणि मोबदल्यातला काही भाग मिळतो तो कामागणिक. मोर्च्यात ती आझाद मैदानावर बसते, तेव्हा बाजूच्या मंडपात तेरा-अ वाल्यांचं शिष्टमंडळ नसतं. ते सचिवांच्या दालनात असतं.

आता आठवा आयोग. अध्यक्ष न्या. रंजना देसाई, म्हणजे पुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुशीतल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचना निघाली, मुदत अठरा महिन्यांची. कर्मचाऱ्यांच्या बाजूने सुलभीकरणाची सूचना त्याआधीच तयार होती : स्तर एक दोनमध्ये विलीन करा, तीन चारमध्ये, पाच सहामध्ये. १८ हजारवाला थेट १९९००वर, २१७००वाला २५५००वर, २९२००वाला ३५४००वर. खालच्या पायऱ्यांवरच्यांनी हे मागावं यात वावगं काही नाही, महागाई काय आहे ते त्यांनाच कळतं. मात्र विलीनीकरणाची दिशा बघून ठेवा. सहाला पाचात विलीन करा, असं निवेदन कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. आणि एक दोनमध्ये गेला की दोनवाला काय म्हणेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अहवाल येईल, राज्याची समिती बसेल, तिचा खंड एक निघेल. खंड दोनसाठी निवेदनांचे मसुदे टंकलेखकाकडे द्यायला आत्तापासून हरकत नाही.