दोघांनी उचलायची, एकाने बसायची

मासेमारीची मोठी कयाक विकणारे लोक तिच्याबद्दल सगळं सांगतात. लांबी सांगतात, रुंदी सांगतात, गळाच्या काठ्या खोचायला किती जागा आहेत तेही सांगतात. ती उचलायला दोन माणसं लागतात आणि बसायला जागा एकालाच असते, एवढं मात्र ज्याचं त्याने शोधून काढायचं. ह्यूस्टनला साडूंच्या घरी पोचलो तेव्हा "या, या, तुमचीच वाट बघत होतो" असं जे भरघोस स्वागत झालं, त्याचा उलगडा शनिवारी पहाटे साडेचारला झाला. दुसरं टोक धरायला मी आलो होतो.

कयाक अजून साडूंची झालेली नव्हती. त्यांच्या ऑफिसातल्या एका धिप्पाड टेक्सन गृहस्थाला ती विकायची होती. "घेऊन जा, दिवसभर वापरा, मग ठरवा," असं त्याने सांगितलं. का विकतोस म्हटल्यावर "पाठ" एवढंच म्हणाला. साडूंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फक्त दोनदा पाण्यात गेली आहे, असंही त्याने सांगितलं होतं. साडूंच्या मते त्याचा अर्थ 'नवी कोरी'. मेहुणीच्या मते, 'दोनदातच पुरे झालं'.

होबी कंपनीची प्रो अँग्लर 14. लांबी चौदा फुटांना थोडी कमी, रुंदी 38 इंच. नुसतं अंग 55 किलोच्या आसपास. खुर्ची, पेडल, सुकाणू बसवलं की 65 च्या पुढे. खुद्द साडूंना आडवं करून गाडीच्या छतावर चढवायचं म्हटलं असतं तरी श्रम तेवढेच पडले असते, आणि साडूंना निदान कुठे धरावं ते आपल्याला कळतं.

ज्या इन्युइट लोकांनी कयाक शोधली, त्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती केली. मालकाच्या अंगाच्या मापाने बेतलेली, एकट्याने खांद्यावर टाकून न्यावी अशी. ही पॉलिएथिलीनची. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालायची, साचा तापवत फिरवत राहायचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बनतात तीच पद्धत. टाकी निदान एकदा वर चढवली की वरच राहते.

खुर्ची आणि पेडल काढून ठेवलं. गाडीच्या मागच्या काचेवर मेहुणीचं बाथरूमपुढचं पायपुसणं अंथरलं (तिला न विचारता), नाक त्यावर टेकवलं आणि मागून ढकलत गेलो. साडू "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मला त्याहून वेगात काही करणं शक्यच नव्हतं. छतावर 75 किलोच्या वर लादू नका असं गाडीच्या पुस्तिकेत छापलं होतं. साडूंनी ते पान मला टॉर्च लावून दाखवलं, म्हणजे आम्ही नियमात आहोत याची खात्री पटावी. पट्टे आवळताना मात्र त्यांनी एक खरी युक्ती दाखवली. चपटा पट्टा सरळ ताणला तर हायवेवर वाऱ्याने थरथरतो आणि सगळी गाडी घोंघावते. त्याला एक पीळ दिला की गप्प बसतो. पन्नास मैल पट्टे गप्प होते. बोलत होते ते साडू.

गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कच्या खाडीकडच्या बाजूला उजाडता उजाडता पोचलो. तिथून पाण्यापर्यंत कयाक दोन चाकांच्या गाड्यावर घालून ओढायची. मग खुर्ची, पेडल, मासे दाखवणारा पडदा, त्याची बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेट, शिट्टी. टेक्सासात बिनमोटरच्या कयाकीला नोंदणी लागत नाही, हे साडू अभिमानाने सांगत असतानाच शेजारी एक आजीबाई आल्या. त्यांनी आपली छोटीशी कयाक एका हाताने गाडीतून ओढली, पाण्यात सोडली, आम्हाला गुड मॉर्निंग केलं आणि लव्हाळ्यांच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या. आमची बॅटरीची वायर अजून सापडत नव्हती.

साडू निघाले. मी किनाऱ्यावर डास मारत बसलो.

माझी पाळी आली तेव्हा मात्र सगळे शब्द गिळावे लागले. पाण्यावर ती कयाक म्हणजे चैन आहे. वल्हं मारायचं नाही, पायाने पेडल ढकलायची. पोटाखाली दोन पंख पेंग्विनच्या पंखांसारखे डावी-उजवीकडे फडफडतात. होबीने ही यंत्रणा 1997 मध्ये आणली आणि तेव्हापासून गळ टाकणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. रुंदी एवढी, की मी चक्क उभा राहिलो. आमच्या कोकणात अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिला उलांडी बांधतात; इथे उलांडीचं काम पोटानेच केलंय. फक्त उथळ पाण्यात कालवांच्या खडपांवर नजर ठेवायची आणि पेडल पुढे ढकलून पंख पोटाला चिकटवून घ्यायचे.

अन् मासा लागला. रेडफिश! तांबूस, खवलेदार, शेपटीशी काळा ठिपका. कुळाने हा आपल्या घोळीचा आणि ढोम्याचा भाऊबंद, त्यामुळे मला तो पाण्यातच तव्यावर दिसू लागला. साडूंनी किनाऱ्यावरून ओरडून मोजायला सांगितलं. टेक्सासात रेडफिश 20 ते 28 इंचांच्या मधला असेल तरच ठेवता येतो. माझा 19 भरला. शेपटी चिमटीत धरून पुन्हा मोजला. 19. सोडून दिला, तेव्हा त्याने जाताना तोंडावर पाणी उडवलं.

दुपारी दक्षिणेकडून वारा सुटला. जाताना सुखाने वाहवत नेणारी रुंद कयाक परतताना वाऱ्याला थोपवत राहते, आणि पायांना पेंग्विनची आठवण नकोशी होते. किनाऱ्यावर पोचल्यावर तीच कयाक, आता ओली, वाळूने माखलेली, पुन्हा छतावर. चढवताना साडू "सावकाश" म्हणाले नाहीत.

घरी पोचल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवावं लागतं, नाहीतर मीठ पेडलच्या सांध्यांत बसतं. ते होईतो मेहुणी टेप घेऊन गॅरेजमध्ये उभी होती. बरोबर पायपुसणंही होतं.

"चौदा फूट. म्हणजे माझी गाडी बाहेर."

साडू म्हणाले, छताला टांगू. टांगता येते, पण टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज तापतं, आणि पट्ट्यांवर चुकीच्या ठिकाणी भार आला तर प्लास्टिकचं पोट दबतं. मग ट्रेलर घेऊ, म्हणाले. ट्रेलर अंगणात दिसता कामा नये असा त्यांच्या सोसायटीचा नियम. मग पिकअप ट्रक. त्यात एकटा माणूस कयाक सरकवू शकतो. मागे चार फुटांहून जास्त बाहेर आली तर लाल फडकं बांधायचं. मेहुणीने फडक्याची किंमत विचारली नाही, ट्रकची विचारली.

मी मध्यस्थी म्हणून त्या आजीबाईंच्या कयाकीचा विषय काढला. वीस-बावीस किलोची असेल, कुणाच्याही गाडीत मावेल. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी लग्नात वरपक्षाला साधी भाजी-पोळी वाढायला सांगितली असावी.

"आणि भाऊजी पुण्याला गेल्यावर," मेहुणी टेप गुंडाळत म्हणाली, "दुसरं टोक कोण धरणार?"

साडूंनी जरा विचार केला आणि माझ्याकडे वळले. "तुमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे ना?"