मिशाळ मंडळींच्या सरबराईविषयी

गृहस्थाच्या दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी आली, तिच्यात गप्पी, मॉली, टेट्रा अशी रंगीत प्रजा वसली आणि तळाशी अन्नाचा चुरा साचू लागला, म्हणजे दुकानदाराच्या सल्ल्याने एखादा मिशाळ मासा आणून त्याला सफाई खात्यावर नेमण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, ती प्रथम बंद करावी. ही नेमणूक सर्वस्वी बेकायदा असते. कारण उमेदवाराने अर्ज केलेला नसतो, कामाचे स्वरूप त्याला कोणी समजावलेले नसते, आणि मुख्य म्हणजे ते काम त्याला येतही नाही. कोरीडोरस, किंवा शौकिनांच्या बोलीत नुसता ‘कोरी’, हा मासा इतरांची विष्ठा खात नाही, काचेवरचे शेवाळ चाटत नाही आणि गढूळ पाणी निवळवीत नाही. तळाशी पडलेले चांगले अन्न तो हुडकून खातो, इतकेच. आणि हा गुण आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगी असूनही त्यावरून आपल्याला कोणी झाडूवाला ठरवीत नाही.

दुसरी बाब संख्येची. कोरी हा यूथप्रिय प्राणी आहे, आणि त्याला एकट्याने ठेवणे म्हणजे एका पाटासाठी पंगत मांडणे होय. एकटा पडलेला कोरी फिल्टरच्या मागे मुक्काम ठोकतो, अन्नाला विन्मुख होतो आणि दिवसेंदिवस निस्तेज होत जातो. मालक मात्र ‘मूळचाच लाजाळू’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल करतो. मोठ्या जातींचे किमान सहा आणि जेमतेम इंचभर लांबीच्या पिग्मी जातीचे किमान दहा मासे एकदम आणावेत, असा अनुभवी मंडळींचा दंडक आहे. काही काटकसरी गृहस्थ तीन जातींचे दोन-दोन नग घेऊन सहाची हजेरी भरवतात. परंतु ही हजेरी माशांना मान्य नसते, कारण आपला कोण आणि परका कोण याविषयी त्यांची मते आपल्याइतकीच ठाम आहेत. कांस्यवर्णी कोरींचे निरीक्षण करणाऱ्या केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की हे मासे एकमेकांना अंगाने हलकेच ढोसतात आणि या ढोसण्याने जथ्याची वाटचाल एकदिलाने होते. लोकल गाडीत याच क्रियेचा परिणाम नेमका उलट होत असल्याने मुंबईकर वाचकांस हे कदाचित खरे वाटणार नाही.

या घराण्याचे वतन दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील नद्यांत आणि ओहोळांत आहे. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०३ साली त्यास कोरीडोरस हे नाव दिले. ठिपकेदार कोरीचे नमुने डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले आणि १८४२ मध्ये जेनिन्स यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ब्राझीलमधील मदेइरा नदीच्या खोऱ्यातला पिग्मी कोरी कागदोपत्री रुजू झाला तो १९६६ साली. एवढ्यावर सर्व सुरळीत चालले असताना २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या एकत्र कुटुंबाची रीतसर वाटणी केली, आणि पिग्मी कोरीची नोंद ‘गॅस्ट्रोडर्मस’ या निराळ्या प्रजातीच्या खात्यावर गेली. हा फेरफार दुकानातल्या पाट्यांवर चढण्यास तलाठ्याच्या दप्तरालाही लाजवील असा विलंब लागणार आहे. तेव्हा खरेदीच्या प्रसंगी ‘पिग्मी कोरी’ एवढेच म्हणावे आणि दुकानदाराचे मन दुखवू नये.

आता निवासाची व्यवस्था. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी दहा-बारा पिग्मींच्या वस्तीस ठीक पडते. तिच्या तळाशी निळी, गुलाबी अथवा चमचमणारी खडी पसरण्याचा मोह कितीही अनावर झाला, तरी तो आवरून बारीक, गुळगुळीत वाळूच घालावी. कोरीच्या मिशा त्याच्या रुबाबासाठी नाहीत. मातीत दडलेल्या भक्ष्याचा माग आणि चव तो त्या मिशांनीच घेतो, आणि वाळूत तोंड खुपसून, चाळून, नको तो भाग कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. टोकदार खडीने आणि त्याहून अधिक तळच्या घाणीने या मिशा झिजतात व सडतात, आणि मग मिशाळ मंडळींपैकी निव्वळ मंडळी तेवढी उरतात. खेरीज पिग्मी कोरी हा आपल्या मोठ्या भाईबंदांप्रमाणे सदैव तळाशी न राहता पाण्याच्या मध्यावर तरंगत फिरतो आणि विश्रांतीसाठी पानांवर टेकतो. यास्तव रुंद पानांच्या वनस्पती सढळ हाताने लावाव्यात.

पाणी हा विषय रुक्ष आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. पेटी, पाणी आणि मासे एकाच रविवारी घरी आणू नयेत. माशांच्या उत्सर्गातून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांच्या कामाचा वेग कोणत्याही वशिल्याने वाढत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात तो सोडियम थायोसल्फेट वापरावा. आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. तपमान २२ ते २६ अंशांच्या दरम्यान राखावे. विदर्भातील वाचकांना या शेवटल्या आकड्याचे हसू येईल हे मी जाणतो. त्यांनी उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल अशा बेताने पंखा लावावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांची सवलत मिळते. पंख्यासमोर आधीपासून बसलेले वडीलधारे असल्यास त्यांची समजूत प्रत्येकाने आपापल्या मार्गाने घालावी.

आहाराच्या बाबतीत उष्ट्यावर भागवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. वरच्या थरातील टेट्रा आणि गप्पी हे तरंगते खाद्य खाली पोहोचूच देत नाहीत. म्हणून दिवे मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्यात आणि अधूनमधून डॅफ्निया किंवा आर्टेमिया द्यावे. पिग्मीचे तोंड अतिशय लहान असल्याने गोळीचा चुरा करण्याचे श्रम यजमानाकडेच येतात.

शिष्टाचाराचे एक नाजूक प्रकरण येथेच निकाली काढले पाहिजे. स्वस्थ बसलेला कोरी एकाएकी बाणासारखा वर जातो, हवेचा घोट घेतो आणि तितक्याच त्वरेने खाली येतो. हे पाहून घरी आलेले पाहुणे ‘मासा गुदमरला हो!’ असा पुकारा करतात. त्यांस चहा देऊन शांत करावे व सांगावे की, हा प्राणी कल्ल्यांखेरीज आतड्यानेही श्वसन करतो. गिळलेल्या हवेतील प्राणवायू आतड्याच्या मागील भागातील रक्तवाहिन्यांत शोषला जातो आणि उरलेला वायू अधोमार्गाने विसर्जित होतो. पाहुणे सोवळ्या वृत्तीचे असल्यास उत्तरार्ध गाळावा. ही सोय राहावी म्हणून पेटी काठोकाठ भरू नये, झाकणाखाली चार बोटे हवा ठेवावी. मात्र अवघा जथा वारंवार वर धावू लागला, तर ती पाण्याच्या प्रतीविषयीची सामुदायिक तक्रार समजून त्याच दिवशी दखल घ्यावी. त्यांपैकी एखाद्याने आपल्याकडे पाहून डोळा मिचकावल्यासारखे केले, तर मात्र संकोचण्याचे कारण नाही. त्याने बुबूळ खाली फिरवलेले असते आणि त्यामागे कोणताही हेतू नसतो.

या माशांना खवल्यांऐवजी दोन्ही बाजूंस अस्थिपट्टांच्या दोन-दोन रांगांचे चिलखत असते, आणि पाठीवरचा व छातीजवळचे पर काट्यांनी सज्ज असतात. संकटाची शंका येताच हे काटे उभारून जागच्या जागी घट्ट बसवले जातात, सबब जाळीने पकडण्याचा प्रयत्न केल्यास मासा जाळीत अडकतो व सोडवताना उभयपक्षी इजा होते. पेल्याने पाण्यासकट उचलावे.

वरील सर्व तजवीज यथासांग झाली, आणि एखाद्या वेळी पाणी बदलताना जरा थंड पाणी घातले गेले, तर पाऊस आला असे समजून मंडळी विवाहास उद्युक्त होतात. कांस्यवर्णी कोरींतील हा विधी जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला: मादी नराचे शुक्र मुखाने प्राशन करते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने मार्गस्थ होते आणि तिने पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपर्यंत सुखरूप पोहोचते. आपल्याकडे इतक्या खात्यांतून फिरलेला कागद मुक्कामी पोहोचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अंडी पानांना किंवा काचेला चिकटवली जातात, आणि ती तिथेच राहिली तर पेटीतील रहिवासी, जन्मदाते धरून, ती निःसंकोच फस्त करतात. म्हणून ती अलगद काढून निराळ्या पाण्यात ठेवावी लागतात. चार-पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पहिले एक-दोन दिवस पोटातल्या बलकावर काढतात आणि नंतर नुकत्याच जन्मलेल्या आर्टेमियांची मागणी करू लागतात. त्यांच्यासाठी दुसरी पेटी लागेल. तिच्या जागेची मंजुरी घरातून आगाऊ आणि शक्यतो लेखी घ्यावी. अंडी घातल्यावर केलेला अर्ज सहसा फेटाळला जातो.