तणाव्यांची कैफियत

शिडाच्या होडीची डोलकाठी लांबूनही नजरेत भरते; परंतु तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे तारेचे तणावे तुटेपर्यंत कोणाच्या खिजगणतीतही नसतात. आमची जुनी होडी, म्हणजे माझी आणि कोषागार खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्या माझ्या भागीदारांची, पावसाळ्यापूर्वी मुंबई बंदरातून किनाऱ्यावर ओढून घेतल्यावर, हे तणावे शेवटचे केव्हा बदलले याचा दाखला मिळावा म्हणून आम्ही तिचे दफ्तर उलगडले. त्यात रंगाच्या डब्यांच्या पावत्या निघाल्या, मांडव्याच्या एका सफरीत फस्त झालेल्या बटाटेवड्यांचा तपशीलवार हिशेब निघाला, पण तारांविषयी अवाक्षर नव्हते.

खाऱ्या हवेत अशा तारेची मुदत साधारणतः 10 ते 15 वर्षे धरतात. भागीदारांनी तारेवरून रुमाल फिरवला, तिची रुपेरी झळाळी अवलोकन केली आणि, स्वतःला एका दिवसाचीही मुदतवाढ न मिळाल्याचे शल्य उरी असल्यामुळेच की काय, "प्रकृती उत्तम आहे, मुदतवाढीस हरकत नसावी," असा शेरा मारला.

"साहेब, काथ्याचा दोर म्हातारा झाला की दाढी वाढवतो," आमचा तांडेल म्हणाला. "ही तार मेली रोज दाढी करून बसते!"

त्याचे म्हणणे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. स्टेनलेस पोलादाचे रक्षण करणारे क्रोमियमच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कवच हवेतील प्राणवायूवर टिकते. तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसवलेले असते तिच्यात मात्र ओघळून आलेले खारे पाणी साचते, प्राणवायूचा शिरकाव होत नाही, आणि बाहेर सर्व आलबेल असता आत क्षरण बिनबोभाट चालू राहते. सबब तपासणी खालच्या टोकापासून करावयाची. डाव्या बाजूच्या नळीला भिंग लावले, तो एक तांबूस डाग आणि त्यातून वर निघालेली एक बारीक रेघ दिसली. "मळ आहे हो," असे म्हणत भागीदारांनी ती नखाने खरवडली. मळ निघाला, आणि भेग अधिक स्पष्ट दिसू लागली.

तरीही ते हार मानीनात. गोव्यात बांधलेली 'थुरिया' ही अभिलाष टॉमींची होडी 2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडून तिची डोलकाठी मोडली, तेव्हा ती होडी नवीच होती; मग नव्यालाही जर मोडायचेच असते, तर जुन्यावर खर्च वाचवलेला काय वाईट, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्याला उत्तर मला आजतागायत सुचलेले नाही.

ज्या तणाव्यांच्या इमानाविषयी शंका, त्यांच्याच भरवशावर काठीच्या शेंड्यापर्यंत चढून त्यांची चौकशी करणे दोघांच्याही वयाला शोभणारे नसल्याने, क्रेन आणवून डोलकाठीच उतरवली. काठीच्या बुडाखाली शुभशकुनाचे नाणे ठेवण्याची चाल रोमन काळाइतकी जुनी आहे; आमच्या काठीखाली निघाली 1994 सालची गेंड्याची पावली, तीही स्टेनलेसचीच. भागीदारांनी ती उलटसुलट पाहिली आणि त्यांच्यातील कोषागार एकाएकी जागा झाला. "पंचवीस पैसे 30 जून 2011 ला चलनातून गेले. बाद नाणे शकुनाला कोण ठेवील? म्हणजे ही काठी त्याआधीच उभी केलेली." एवढे बोलून ते थबकले, कारण स्वतःविरुद्ध इतका बिनतोड पुरावा त्यांनी हयातीत कधी सादर केला नव्हता. खर्चाला मंजुरी तत्काळ मिळाली.

पुढचे काम सरळ होते. जुन्या तारा भागीदारांच्या व्हरांड्यात पसरून त्यांच्या मापाने नव्या कापून आणल्या: मध्ये 1, तिच्याभोवती 6 आणि बाहेर 12, अशा 19 तंतूंची 6 मिलिमीटर जाडीची तार, जी पावणेतीन टनांच्या आसपास ओझे पेलते. ताण देणारे स्क्रू आणि खिळीही नव्या घेतल्या. जुन्या नळीला नवी तार जोडावी ही भागीदारांची सूचना एकमताने, म्हणजे माझ्या आणि तांडेलाच्या, फेटाळण्यात आली.

जुन्या तारा अद्याप त्या व्हरांड्यातच आहेत आणि वहिनींचा त्यांच्यावर रोष आहे. कपडे वाळत घालण्यासाठी कोणास हव्या असल्यास विनामूल्य घेऊन जाव्यात. मात्र ओली सतरंजी टाकण्यापूर्वी खालच्या टोकाला भिंग लावून पाहावे.